माळावरची बुरशी आणि टेरी टॉवेल

सोलापुरात राहून जंगलातल्या काडीकचऱ्यावर प्रोजेक्ट करतेय असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "सोलापुरात जंगल कुठंय?" प्रश्न अगदीच चूक नाही. वनखात्याच्या हद्दीत आपल्याकडे जे येतं ते मुख्यतः माळ. कुसळी गवत, तरवड, बोरी-बाभळी आणि मधे मधे रोपवन म्हणून लावलेली गिरिपुष्प, सुबाभूळ, कडुनिंब. शिवाय कुणीही न बोलावता पसरलेली वेडी बाभूळ. नान्नजचं अभयारण्य माळढोक पक्ष्यासाठी आहे आणि माळढोकाला झाडी नकोच असते, त्याला लांबवर नजर जाईल असा उघडा गवताळ माळ लागतो. म्हणजे आमच्याकडे काही जागी झाड काढणं हेच संवर्धन असतं. कोकणातल्या मैत्रिणीला हे पटवताना माझी दमछाक झाली होती.

तर असं काढलेलं, छाटलेलं, गळून पडलेलं लाकूड आणि पाला चुलीत जातो, नाहीतर बांधावर पेटवून दिला जातो. एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षी मी ठरवलं, मातीतले सूक्ष्मजीव शोधायचे, त्यांना हा माल खायला घालायचा आणि त्यातून काहीतरी कामाचं काढायचं. माझ्या गाइड मॅडमचा पहिलाच प्रश्न होता, "काहीतरी म्हणजे काय? आणि ते कोण घेणार?" पहिल्या अर्ध्या भागाचं उत्तर पुस्तकात सापडलं. दुसऱ्यासाठी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जावं लागलं. ते पुढे येईलच.

अभयारण्यातली माती उचलायची तर परवानगीचे कागद आले. त्यात न पडता मी मोहोळ तालुक्यातल्या आमच्याच शेताच्या बांधावर गेले. तिथे आजोबांच्या काळातली गिरिपुष्पाची रांग आहे. माती कुठली घ्यायची यावर बरंच अवलंबून असतं. वरचा कोरडा पाला कामाचा नाही आणि खालची नुसती काळी मातीही नाही. दोन्हींच्या मधे एक थर असतो, तिथे पानाचा आकार दिसतो पण चिमटीत धरलं की भुगा होतो. चावणं चालू असतं ते तिथेच. पहिले चांगले दोन पाऊस झाल्यावर हा थर ओला असतो, खाली पांढरे धागे पसरलेले दिसतात. तो मी निर्जंतुक पिशवीत भरला. एका कुजक्या बाभळीच्या बुंध्याखालची माती घेतली आणि शहरातल्या एका लाकडाच्या वखारीमागे वर्षानुवर्षं साचलेल्या भुशाच्या तळचीही. वखारवाल्यानं भुशासकट पोतंच देऊ केलं. त्याला वाटलं पोरगी चुकून माती मागतेय.

पुढचं मायक्रोबायॉलॉजी शिकलेल्या कुणालाही पाठ असतं. एक ग्रॅम माती, दहा-दहा पट विरळ करत नेणं, प्लेटवर पसरवणं, वाट बघणं. त्यावर वेळ घालवत नाही. उगवलं काय ते मात्र सांगते. बॅसिलसच्या चपट्या, सुरकुतलेल्या वसाहती सगळीकडे. काळ्या बीजाणूंचा ॲस्परजिलस नायजर, हा बोलवावा लागत नाही. खडूच्या भुकटीसारख्या कोरड्या, आगरमध्ये (प्लेटमधल्या जेलीत) घट्ट रुतलेल्या स्ट्रेप्टोमायसिसच्या वसाहती. त्यांचं झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास येतो, कारण तो वास देणारं जिओस्मिन मुख्यतः हेच जिवाणू बनवतात. आणि आधी पांढरी, मग कडेपासून हिरवी होत जाणारी ट्रायकोडर्मा. बांधावरच्या मातीतून आलेल्या ट्रायकोडर्माला चक्क खोबऱ्याचा वास होता. ट्रायकोडर्माच्या काही जाती ६-पेंटिल पायरोन नावाचं द्रव्य सोडतात, त्याचा हा वास. आमच्या लॅबमामांनी दारातूनच विचारलं, "कोण चटणी घेऊन आलंय?"

यातलं कोण सेल्युलोज, म्हणजे लाकूड-पाल्याचा मुख्य घटक, खातं हे बघायची ठरलेली पद्धत कॉंगो रेड या रंगाची. टेदर आणि वुड यांनी १९८२ मध्ये ती मांडली आणि आजही प्रत्येक लॅबमध्ये चालते. सीएमसी हे विरघळणारं सेल्युलोज आगरमध्ये घालायचं, त्यावर वसाहती वाढवायच्या. मग ०.१ टक्का कॉंगो रेड ओतून पंधरा मिनिटं ठेवायचं आणि मिठाच्या द्रावणानं धुवायचं. जिथं सेल्युलोज शाबूत तिथं लाल रंग धरतो, जिथं तुटलंय तिथून रंग निघून जातो. दुसऱ्यांदा मीठपाणी ओतून प्लेट हळूच तिरकी केली की लाल पाणी एका कडेला जमतं आणि वसाहतीभोवती फिकट पिवळं वलय उघडं पडतं. ते बघताना मजा येते, खोटं कशाला बोलू. रंगवलेली प्लेट मात्र गेली कामातून, म्हणून तिच्या आधीच जोडप्लेट काढून ठेवायची.

सगळ्यात मोठं वलय एका बॅसिलसचं होतं. वर्गातल्या मुलींनी त्याचे फोटो काढले. मॅडमनी प्लेट उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाल्या, "फोटोला छान आहे. आता याला कागद दे."

कागद म्हणजे व्हॉटमन नंबर एकचा गाळणकागद. त्याची सहा सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद पट्टी बरोबर ५० मिलिग्रॅम भरते, म्हणून सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम) मोजायच्या जगभरच्या पद्धतीत हीच पट्टी वापरतात. क्षारांच्या पाण्यात पट्टी बुडवायची, खायला दुसरं काहीच द्यायचं नाही आणि त्यात आपला जीव सोडायचा. मोठ्या वलयाच्या बॅसिलसनं पट्टीला हातही लावला नाही. नळी हलवली की पट्टी जशीच्या तशी डुलायची. प्लेटवर जेमतेम वलय देणाऱ्या खोबऱ्याच्या वासाच्या ट्रायकोडर्मानं मात्र पाण्याच्या रेषेशी पट्टी आधी विसविशीत केली. मग ती तिथून तुटली आणि शेवटी तळाशी नुसता गाळ राहिला. वखारीच्या भुशातल्या एका स्ट्रेप्टोमायसिसनंही सावकाश का होईना, पट्टी फाडली.

कारण साधं आहे. सीएमसी पाण्यात विरघळलेलं असतं, साखळी सुटी असते, तिला मधेच कुठंही तोडणारं एक विकर असलं तरी वलय पडतं. कागदातलं किंवा काडीतलं सेल्युलोज घट्ट, स्फटिकासारखं रचलेलं असतं. तिथे मधून तोडणारं विकर, टोकाकडून सोलत जाणारं विकर आणि निघालेल्या जोडसाखरेचे दोन ग्लुकोज करणारं विकर अशी तिघांची टोळी लागते. ट्रायकोडर्माकडे ती आहे, तिसरं थोडं कमी पडतं एवढंच. ॲस्परजिलस नायजरकडे ते तिसरं भरपूर असतं, म्हणून दोघांचा अर्क मिसळायची पद्धत आहे. पुष्कळ प्रोजेक्ट वलयाच्या व्यासावर संपतात. तक्ता होतो, आलेख होतो, मार्क मिळतात. काडीला कुणी विचारत नाही.

मी काडीला विचारायला गेले आणि लिग्निनवर आपटले. लाकडात ढोबळमानानं ४० ते ५० टक्के सेल्युलोज, २० ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि जवळपास तेवढंच लिग्निन असतं. लिग्निन बाकी दोघांना चिकटून, वेढून बसतं आणि विकराला आत शिरू देत नाही. निसर्गात ते फोडायचं मुख्य काम पांढरी कूज करणाऱ्या बुरश्या करतात, मातीतले स्ट्रेप्टोमायसिस, ऱ्होडोकोकस, स्यूडोमोनास हेही थोडं थोडं कुरतडतात. पण त्यांची गती निसर्गाची. परीक्षा विद्यापीठाची. म्हणून मी वेड्या बाभळीचा भुसा दोन टक्के कॉस्टिक सोड्यात घालून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे लॅबच्या प्रेशर कुकरमध्ये, १२१ अंशांवर शिजवला.

झाकण काढलं तर आत काळा कुळकुळीत काढा. हे विरघळलेलं लिग्निन. त्यात आम्ल टाकून सामू (पीएच) दोनच्या आसपास आणला की तपकिरी साका खाली बसतो, तो वाळवून वेगळा ठेवता येतो. पण उरलेला भुसा धुवायचा असतो, लिटमस निवळेपर्यंत, आणि तो काही केल्या निवळत नाही. एका बादलीनं भागत नाही, दुसरीनं भागत नाही. ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं तिथे मूठभर भुशासाठी हा नैवेद्य. मामा ड्रमवर झाकण ठेवून उभेच राहिले. "मॅडम, नळाच्या दिवशी धुवा की. भुसा कुठं पळून चाललाय?" पुढे मी भुसा शिजवायचे तो नळाच्या आदल्या दिवशी.

धुतलेल्या भुशावर बुरशीचा अर्क सोडला आणि ५० अंशांवर ठेवला, तर साखर सुटली. ती डीएनएस पद्धतीनं मोजतात. पिवळ्या-केशरी द्रावणात नमुना घालून उकळायचं, साखर जितकी जास्त तितका तांबूस रंग. न शिजवलेल्या भुशाची नळी जवळजवळ पिवळीच राहिली, शिजवलेल्याची विटकरी झाली. मग त्या साखरपाण्यात बेकरीचं यीस्ट घातलं. ऊर्ध्वपातन करायचं नाही असं मॅडमनी बजावलं होतं. दारू गाळायला परवाना लागतो आणि लॅब म्हणजे काही अपवाद नाही. म्हणून डायक्रोमेटनं तपासलं. केशरी द्रावण हिरवट झालं, म्हणजे इथेनॉल असावं. थोडं, पण असावं.

इथे बहुतेक जण टाळ्या वाजवून थांबतात. मी वहीत गणित मांडलं. एक ग्रॅम ग्लुकोजमधून अगदी पूर्ण कस लागला तरी ०.५१ ग्रॅम इथेनॉल मिळतं. हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज हे यीस्ट खातच नाही. कॉस्टिक विकत, उष्णता विकत, पाणी तर विकतही मिळेलच असं नाही. आणि हे कुठे, तर सोलापूर जिल्ह्यात, जिथे साखर कारखान्यांची रांग लागलीय आणि मळीपासून इथेनॉल टँकरनं बाहेर पडतं. मळीतली साखर आयती विरघळलेली असते, तिला ना शिजवायचं ना धुवायचं. माझ्या भुशानं तिच्याशी कुस्ती धरायचं कारण नव्हतं. इथेनॉलचं प्रकरण प्रबंधात राहिलं, डोक्यातून मी ते काढून टाकलं.

गिरिपुष्पाच्या फांद्यांचा मात्र निकाल गावातच लागला. घरच्या अण्णांनी त्या कडब्याच्या कुट्टी मशीनमधून काढून दिल्या. ओल्या कोवळ्या फांद्या सुरेख कापल्या जातात. वेडी बाभूळ त्यात घालायची नाही, पातं जातं. कुट्टी आणि वखारीचा भुसा असा ढीग रचला, थरावर थर, मधे शेणकाला. अण्णा हसत होते. "आगं, लाकडाचं खत व्हतंय व्हय? आमची हयात गेली शेणखतात." लाकडाच्या भुशात कर्बाच्या मानानं नत्र नगण्य असतं, शेकडो भागांना एक. कुजायला तीसास एक तरी लागतं. गिरिपुष्पाच्या पानात नत्र चांगलं असतं, म्हणून ही जोडी जमते. ओलावा मुठीत दाबून बघायचा, बोटांमधून थेंब टपकायला नको आणि मूठ उघडल्यावर गोळा फुटायला नको.

ढीग तापतो तो साठ अंशांपर्यंत. पहिली पलटी मारताना फावड्यानं आतला भाग उघडला, वाफ अंगावर आली. कुट्टीवर राखेसारखा पांढुरका थर बसला होता. अण्णांना वाटलं जळालं. ते उष्णता सोसणारे ॲक्टिनोमायसिट्स, स्ट्रेप्टोमायसिसच्याच नात्यातले. या टप्प्यावर काम त्यांचं आणि बॅसिलसचं. ट्रायकोडर्मा या तापात टिकत नाही. कृषी सेवा केंद्रातून आणलेली ट्रायकोडर्माची पुडी पहिल्याच दिवशी ढिगात ओतणारे खूप बघितलेत, तिचा काढा होतो. ढीग हाताला कोमट लागायला लागला की मग घालायची. आम्ही आमचीच बुरशी गव्हाच्या कोंड्यावर वाढवून तेव्हा मिसळली. डाळिंबात मर रोगाची धास्ती कायमची असते, म्हणून अण्णांना ट्रायकोडर्मा हे नाव आधीपासून माहीत होतं. ती आपल्याच बांधाखाली राहते हे माहीत नव्हतं. खत झाडांच्या आळ्यात पडलं. भुशाचे जाड कण अजून शिल्लक आहेत, ते पुढच्या ढिगाच्या बुडाला जातील.

आता टॉवेल. माझ्यासोबतची मैत्रीण शहराच्या पूर्व भागातली, पद्मशाली या विणकर समाजातली. घरी तेलुगू, दारात मराठी. तिचे वडील टॉवेलच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे विणलेला माल धुऊन-रंगवून देणाऱ्या कारखान्यात, आहेत. जेवणाच्या सुट्टीत ती सहज म्हणाली, "आमच्याकडं पण एन्झाइमचे कॅन येतात की." मी डबा तसाच ठेवला. सुती कापडावर सुटे तंतू असतात. टॉवेल धुतला की ते सुटतात, अंगाला चिकटतात. सेल्युलेजची हलकी आंघोळ घातली की ते पृष्ठभागावरचे तंतू कमकुवत होतात आणि मशीनच्या घुसळण्यानं गळून पडतात. याला बायोपॉलिशिंग म्हणतात. सोलापुरी चादरीसारखंच सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, पण त्याच्या तक्रारीत लिंटची, म्हणजे या सुट्या तंतूंची, तक्रार जुनीच.

यात एक गंमत आहे. आज उद्योगात वापरतात त्या सेल्युलेजचा मोठा हिस्सा ज्या ट्रायकोडर्मा रीसीई या बुरशीच्या वंशजांकडून येतो, ती सापडलीच मुळी कापड खाताना. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापडाचं सामान कुजायला लागलं. कारण शोधताना ही बुरशी हाती लागली. पुढे एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि रीस यांच्याच नावावरून जातीला नाव मिळालं. मी कोंड्यावर जे क्षारद्रावण शिंपडत होते ते मँडेल्सबाईंच्या नावानंच ओळखलं जातं. तंबू खाणाऱ्या बुरशीला आपण टॉवेल किंचित चाखायला देतो. सगळं कौशल्य त्या "किंचित" मध्ये.

अर्क काढायला नुसता लाकडाचा भुसा चालत नाही, बुरशी रुसते. गव्हाचा कोंडा आणि गिरिपुष्पाची वाळवून कांडलेली कुट्टी मिसळली, साठ-पासष्ट टक्के ओलावा ठेवला, ट्रे ओल्या फडक्यानं झाकले. हिरवा रंग गडद होण्याच्या आतच बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण) ओतून पिळून घ्यायचं. उशीर केला तर बीजाणू अर्कात उतरतात आणि पांढऱ्या टॉवेलवर हिरवट झाक आली तर काका, म्हणजे मैत्रिणीचे वडील, दारात उभं करणार नाहीत. मलमलीतून, मग गाळणकागदातून गाळलं की चहासारखा फिका अर्क मिळतो. लाकूड थेट विकून जे झालं नसतं ते असं आडवळणानं झालं. काडी हे बुरशीचं जेवण आणि विकायचा माल म्हणजे तिची लाळ.

काकांनी ब्लीच झालेल्या पण न रंगवलेल्या टॉवेलचे तुकडे दिले आणि पहिली सूचना त्यांचीच, "पेरॉक्साइड राहिलं असंल तर तुझं औषध मरंल. आधी धू." बरोबरच होतं. तुकडे धुतले, वाळवले, वजन केलं. सामू पाचच्या जरा खाली, ५० अंश, बीकर हलत्या पाण्याच्या टाकीत. न हलवता ठेवलेल्या तुकड्यावर फारसा फरक पडला नाही, घुसळलेल्यावर पडला. वेळ झाली की पाणी ८० अंशांवर नेऊन विकर मारायचं, कारण ते आपणहून थांबत नाही. ओल्या कापडात उरलं तर गोदामातही खात राहील. वजनातली घट साधारण ३ ते ५ टक्के असावी असं धरतात. त्यापुढे ताकद जाते आणि टेरीचे लूप ओढले की हातात येतात. एक तुकडा मी मुद्दाम जास्त वेळ ठेवला. काकांनी त्याचा एक लूप नखानं उचलला, तो पुट् करून तुटला. दुसरा तुकडा त्यांनी गालावर फिरवला, उजेडात आडवा धरला, काळ्या पँटवर घासला. पँटवर जवळजवळ काही आलं नाही.

मग ते धंद्याचं बोलले. "आज दिलीस तीच ताकद उद्याच्या कॅनमधी असंल का? आमचं एक बॅच बिघडलं तर यंत्रमागवाल्याचा माल गेला. आणि रंगीत मालावर शेड उतरती का ते सांग." पहिल्या प्रश्नाचं उत्तर सध्या "नाही" असंच आहे. कोंडा बदलला, हवा बदलली की अर्काची ताकद बदलते. एप्रिलमध्ये ट्रे वरून वाळतात आणि बुरशी आत दडून बसते. बाजारातल्या कॅनमध्ये मोजूनमापून एकसारखं केलेलं विकर असतं, त्यात मधून तोडणाऱ्याचं प्रमाण जास्त ठेवता येतं, म्हणजे लिंट जातं आणि ताकद कमी जाते. माझ्या कच्च्या अर्कात टोळी अख्खीच्या अख्खी येते. म्हणून आता प्रत्येक ट्रेचा अर्क आधी त्या ५० मिलिग्रॅमच्या पट्टीवर मोजायचा, मग पाणी घालून सगळे एका ताकदीवर आणायचे, असं चाललंय. रंगाच्या मुद्द्यासाठी काकांनी गडद मरून आणि नेव्ही ब्ल्यूचे तुकडे पाठवलेत, त्यांच्या म्हणण्यानुसार हेच दोन रंग आधी दगा देतात. मूळ बुरशी तिरक्या आगरच्या नळ्यांत फ्रिजमध्ये आहे आणि एक जोड मॅडमच्या कपाटात खनिज तेलाखाली. सोलापूरची वीज आणि होस्टेलचा फ्रिज, दोन्हींवर त्यांचा भरवसा नाही.